कुंपणावरची खाजकुइली आणि डोक्याचा मार

(उरवडे, ता. मुळशी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे आवाज येतोय ना? ठीक.

पिरंगुटहून इकडे येताना रस्त्याकडेच्या झुडपांवर एक वेल चढलेला दिसला. शेंगा वळलेल्या, तपकिरी, वरून मखमलीसारख्या. लांबून हात लावावासा वाटतो. लहानपणी कुणी कुणी लावला होता? (हशा) हात वर करू नका, चेहऱ्यावरूनच कळतंय. आपली खाजकुइली. कुणी कुहिली म्हणतं, काष्ठौषधीच्या दुकानात तिच्या बियांना कवचबीज म्हणतात, संस्कृतात कपिकच्छू. अंगाला लागली की आई शेण चोळायची. आजच्या गोष्टीत ही खाजकुइली महत्त्वाचं पात्र आहे, म्हणून तिची आठवण आधी काढली.

मला इथून फोन आला तेव्हा विचारलं होतं, "डोक्याला मार लागलेल्या माणसाला वनस्पतींमधून काही औषध आहे का, यावर बोलाल का?" प्रश्न कुठून आला ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. रस्ते रुंद झाले, कारखाने आले, पोरांच्या हातात गाड्या आल्या. पडलेला मुलगा महिना-दीड महिन्यानं घरी येतो. चालतो, पण नाव विसरतो, मधूनच चिडतो, झोपत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ द्या. घरचे वेळ देतात, आणि जोडीला ब्राह्मी देतात, हळदीचं दूध देतात, कुणी सांगितलेला काढा देतात. मी याची टिंगल करायला आलेलो नाही. ते घर आशेवर चाललेलं असतं. पण आशा कशावर ठेवायची हे समजून घ्यायचं असेल, तर थोडा इतिहास बघावा लागतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी शेवटपर्यंत ताटकळायला नको. मारामुळे झालेली मेंदूची इजा भरून काढतं असं सिद्ध झालेलं वनस्पतिजन्य औषध आज नाही. पण मेंदूच्या आजारांपर्यंत पोहोचलेल्या वनस्पती आहेत. त्यातल्या दोघींचा प्रवास आपल्या देशातून, आपल्या मुंबईतून गेला. त्या कशा पोहोचल्या आणि बाकीच्या का नाही पोहोचल्या, एवढीच आजची गोष्ट.

पहिली सर्पगंधा. काही भागांत हिला अडकई म्हणतात. हातभर उंचीचं झुडूप, औषध मुळात. बिहारकडे हिचं लोकांतलं नाव होतं 'पागल की दवा'. म्हणजे डोकं बिघडलेल्याला शांत करणारी मुळी, हे ज्ञान आधीपासून होतंच. १९३१ साली दोन गोष्टी घडल्या. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा वेडेपणावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होणारा परिणाम छापून प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मुळीतून काही द्रव्यं वेगळी काढली. त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' असं नाव दिलं.

आता बघा, इथपर्यंत सगळं भारतात झालं, भारतीयांनी केलं. पण जगानं लक्ष दिलं नाही. का? "आम्ही दिलं आणि बरं वाटलं" एवढ्यावर जग थांबत नाही. किती जणांना दिलं, आधी किती होतं, नंतर किती झालं, हे विचारतं.

ते काम मुंबईत झालं. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांनी रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, मुळीच्या गोळ्या दिल्या, दाब मोजत गेले, आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आकडे छापले. शोध नवा नव्हता, मुळी नवी नव्हती. नवं होतं ते मोजमाप. तो लेख बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्यापर्यंत गेला, त्यांनी औषध तिकडे वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य रेणू वेगळा काढला. त्याचं नाव रेसरपीन. रक्तदाबावर तर तो चाललाच, पण मनोरुग्णालयांतही गेला. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं.

ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. सांगावीच. पण तिचं उरलेलं अर्धं सांगत नाही. रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य येऊ लागल्याच्या नोंदी झाल्या. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि रेसरपीन मागे पडलं. वनस्पतीतून आलं म्हणून त्याला कुणी सूट दिली नाही. तीच शिस्त तिच्या बाजूनं आणि तीच तिच्या विरुद्ध, दोन्हीकडे चालली.

मागे पडण्याआधी मात्र रेसरपीननं एक मोठं काम करून ठेवलं. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन नावाचे शास्त्रज्ञ. त्यांनी सशांना रेसरपीन दिलं. ससे जागच्या जागी थिजले. कान पडलेले, हालचाल नाही. मग कार्लसननी त्यांना लेव्होडोपा नावाचं द्रव्य टोचलं आणि थोड्या वेळात ससे पुन्हा हिंडू लागले. हे १९५७ सालचं. मेंदूतल्या डोपामीन या निरोप्याचं महत्त्व तिथून कळत गेलं. निरोप्या म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे सांगावा नेणारा रेणू. सर्पगंधेचा रेणू डोपामीनची कोठारं रिकामी करत होता आणि लेव्होडोपा ती भरत होता. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, नेमकं हेच डोपामीन कमी पडतं हे १९६० मध्ये दिसलं. १९६१ साली व्हिएन्नात रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिलं, १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी तोंडावाटे मात्रा हळूहळू वाढवत नेली, तेव्हा कुठे खात्रीचा गुण दिसला. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

आता खाजकुइलीकडे या. हे लेव्होडोपा आलं कुठून? १९१३ साली मार्कस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञानं एका प्रकारच्या घेवड्यातून ते वेगळं काढलं. अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिलं आणि उलट्या केल्या. (हशा) हसा, पण त्यांनी नोंद करून ठेवली. त्यानंतर १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून काढलं. म्हणजे उत्तर आपल्या कुंपणावर लटकत होतं, रसायनशाळेत त्याची नोंदही झाली होती, पण प्रश्न काय आहे हे कळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली.

इथं एक मुद्दा सांगतो. आयुर्वेदात कपिकच्छूचं नाव मोठं आहे, पण मुख्यतः बल्य आणि वृष्य म्हणून, ताकद वाढवणारी म्हणून. त्यामुळे "आमच्या ग्रंथात सगळं होतंच" असं म्हणून आपण फार पुढे जात नाही. ग्रंथानं आणि वैद्यांनी वनस्पती हाताशी ठेवली, हे मोठंच काम. कुठल्या रुग्णाला, किती, कशासाठी, हे मात्र नव्यानं बघावं लागलं.

ते बघायला मुंबईतच सुरुवात झाली. डॉ. अशोक वैद्य, मुंबईचे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि सहकारी यांनी कंपवाताच्या रुग्णांना खाजकुइलीच्या बियांची पूड दिली आणि १९७८ साली न्यूरॉलॉजी इंडियामध्ये निष्कर्ष छापले. पुढे मुंबईच्याच झंडू कंपनीनं बियांपासून केलेल्या पुडीची ६० रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली, ती १९९५ ला प्रसिद्ध झाली. रुग्णांना फरक पडला. पण त्या चाचणीत सगळ्यांना माहीत होतं की आपण खरं औषध घेतोय. आशेनंही माणूस थोडा सरळ चालतो. म्हणून २००४ साली लंडनमध्ये आणखी कडक चाचणी झाली. रुग्ण फक्त आठ, पण कुठल्या दिवशी पूड आणि कुठल्या दिवशी नेहमीची गोळी, हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. ३० ग्रॅम पुडीचा गुण सरासरी ३५ मिनिटांत आला, गोळीचा ६८ मिनिटांत. आणि पुडीचा परिणाम टिकलाही जास्त वेळ.

म्हणून उद्या सकाळी कुणी शेंगा तोडायला जाऊ नका. एक तर खाजेल. (हशा) दुसरं, बियांमध्ये लेव्होडोपाचं प्रमाण साधारण ३ ते ६ टक्के, वेलागणिक वेगळं. आज पाव गोळी, उद्या दीड गोळी अशी मात्रा जाईल. गोळ्या चालू असताना वरून पूड घेतली तर मात्रा दुप्पट होते, भास होतात, उभं राहिल्यावर दाब पडतो. आणि तिसरं, लेव्होडोपा गोळीतलं असो की बीतलं, ते कंपवात थांबवत नाही. पेशी मरायच्या तशा मरतच राहतात. उणीव भरून निघते, इजा नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आपला मूळ प्रश्न इथंच अडतो. कंपवातात एक निरोप्या कमी पडतो, तो बाहेरून देता येतो. डोक्याला मार लागतो तेव्हा असं एकच काही कमी पडत नाही. मार बसला त्या क्षणी काही पेशी फाटतात, ती पहिली इजा. मग पुढचे तास आणि दिवस दुसरी इजा चालू राहते. रक्त साकळतं, सूज चढते. कवटी काही फुगत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा अडतो, धोक्याबाहेरच्या पेशीही मरायला लागतात. संशोधकांची सगळी आशा या दुसऱ्या इजेवर असते, कारण पहिली परत घेता येत नाही.

आता हळद. जखमेला हळद हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर लढली, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले, आणि १९९७ ला ते पेटंट रद्द झालं. ती लढाई कातडीवरच्या जखमेची होती. मेंदूच्या जखमेचं काय? २००६ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात उंदरांच्या खाण्यात हळदीतला कर्क्युमिन हा रेणू घातला, मग त्यांच्या मेंदूला मोजून मार दिला. कर्क्युमिन खाल्लेल्या उंदरांना तो कमी बाधला. बातमी चांगली आहे. पण ते कर्क्युमिन मार देण्याच्या आधी चार आठवडे चालू होतं. आपला मुलगा गाडीवरून पडतो तेव्हा महिनाभर आधी कळवत नाही.

"आम्ही रोजच हळद खातो" असं कुणी म्हणेल. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, आणि त्यातलंही रक्तात फार थोडं पोहोचतं. मिऱ्यातल्या पिपरीनबरोबर ते रक्तात २० पट पोहोचतं, हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. तरी ते शरीरात टिकत नाही. मेंदूला मार लागलेल्या माणसांवर मोठ्या चाचणीत ते सिद्ध झालेलं नाही. ब्राह्मीची अडचण आणखी अलीकडची, घरगुती आहे. आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात. एक जलब्राह्मी, दुसरी मंडूकपर्णी. दोघींतली द्रव्यं वेगळी. बाटलीत कुठली आहे हेच ठरलेलं नसेल, तर गुण आला की नाही हे कशाच्या नावावर लिहायचं?

उंदरांमध्ये चाललेलं माणसांत चालतं का, याची सर्वांत मोठी परीक्षा एका कंदानं दिली. आपण डोंगरातले करांदे उकडून खातो ना, त्यांच्याच गोतातला मेक्सिकोतला एक कंद. त्यातल्या डायोसजेनिन या रेणूपासून १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञानं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवलं. त्या कंदावर जगाचा स्टेरॉईडचा उद्योग उभा राहिला. पुढे डोनाल्ड स्टाइन यांना दिसलं की डोक्याला मार दिल्यावर काही उंदीरमाद्यांच्या मेंदूला सूज कमी येते, आणि ते प्रोजेस्टेरॉनमुळे. उंदरांवर प्रयोगामागून प्रयोग यशस्वी. मग माणसांवर दोन छोट्या चाचण्या, एक १०० रुग्णांची, दुसरी १५९ रुग्णांची. दोन्ही आशादायक. आता औषध हातात आलंच, असं वाटलं. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या, ८८२ आणि १,१९५ रुग्णांच्या. औषध अपघातानंतर चार तासांत, आठ तासांत सुरू केलं होतं. २०१४ मध्ये निकाल आले. काहीही फायदा नाही.

याहून कडू अनुभव दुसऱ्या स्टेरॉईडचा. सूज उतरावी म्हणून डोक्याच्या मारात स्टेरॉईडचं इंजेक्शन जगभर दिलं जायचं, चांगले डॉक्टर चांगल्या हेतूनं द्यायचे. दहा हजारांवर रुग्णांची चाचणी झाली, २००४ ला निकाल आला. ज्यांना स्टेरॉईड दिलं त्यांच्यातले २१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, ज्यांना दिलं नाही त्यांच्यातले १८ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन माणसं औषधानं जास्त गेली. एकेका डॉक्टरला हे कधी कळलंच नसतं. शंभरातली तीन माणसं डोळ्याला दिसत नाहीत, मोजल्यावरच दिसतात. म्हणून "त्याला गुण आला, तुम्हीही घ्या" या सांगण्याची मला भीती वाटते. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला एवढंच दिसलेलं असतं.

मग वनस्पतींनी डोक्याच्या मारात काहीच दिलं नाही का? दिलं आहे, आणि ते जवळच्या मोठ्या रुग्णालयात आज रात्रीही वापरात असेल. मॅनिटॉल. भूमध्य समुद्राकाठच्या एका झाडाच्या गोड चिकापासून १८०६ मध्ये ते वेगळं काढलं गेलं, नाव त्या चिकाच्या 'मॅना' या नावावरून. आता साखरेपासून कारखान्यात बनतं. शिरेतून दिलं की मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेतं, दाब उतरतो, शस्त्रक्रियेला वेळ मिळतो. जखम भरत नाही. वेळ मिळतो, आणि त्या घटकेला वेळच हवा असतो.

माझं बोलणं संपत आलं. प्रश्न घेऊ. हां, ताई, बोला.

(श्रोत्यांतून : माझ्या भावाला पडून आठ महिने झाले. आई रोज काढा देते. बंद करायला सांगू का?)

ताई, आईला "हे खोटं आहे" असं म्हणू नका. काढ्यात काय काय आहे ते एका कागदावर लिहा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना तो कागद दाखवा. फिटच्या गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करणारं काही चालू असेल, तर काही वनस्पती त्यात ढवळाढवळ करतात. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. आणि आईला सांगा, भावाशी रोज बोल, रोज थोडं चालव, शब्द आठवायला लाव. आठ महिन्यांनीही सुधारणा होते. हळू होते, पण होते. व्यायाम आणि वाचाउपचार चुकवू नका. काढ्यासाठी डॉक्टरांची फेरी चुकली, तर नुकसान काढ्यानं नाही, चुकलेल्या फेरीनं होईल.

बाकीच्यांसाठी जाता जाता. मार लागल्यावर माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, दूध, काढा, काहीही घालू नका, ठसका लागून जीव जातो. वारंवार उलटी, वाढती गुंगी, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. मान हलवू नका. आणि पोरांना हेल्मेट घालायला लावा, गावातल्या गावात जातानाही. पहिल्या इजेवर औषध नाही म्हटलं ना मघाशी? हेल्मेट तेवढं आहे.

आजीनं सांगितलेली मुळी खोटी नसते. सर्पगंधा अशाच सांगण्यातून आली. पण आजीचं सांगणं आणि औषध यांच्यामध्ये केईएमच्या वॉर्डातले ते ५० रुग्ण होते, आणि त्यांचा दाब मोजणारा, लिहून ठेवणारा माणूस होता. समोर शाळेतली मुलं बसलीत. त्यातल्या कुणी पुढे हे मोजायचं काम हातात घेतलं, तर उरवड्यात आल्याचं सार्थक झालं म्हणेन.